बिल माझ्याकडं

कोल्हापुरात हॉटेलचं बिल कोण देणार हे ठरवायला अंगात ताकद लागते. चहा संपला, बशीतला शेवटचा घोट ओढून झाला, की टेबलावरची चारही माणसं एकदम उठतात आणि गल्ल्याकडे झेपावतात. एकाचा हात दुसऱ्याच्या खिशावर, तिसऱ्यानं चौथ्याचं मनगट धरलेलं. "शपथ हाय तुला!" "हात काढ आधी, हात काढ!" "मर्दा, मागच्या बारीला तूच दिलंतंस की!" नव्या माणसाला वाटतं, आता डोकी फुटणार. फुटत काही नाही. चहाचे ऐंशी पैसे दिले जातात आणि हरलेली तीन माणसं फुरंगटून बाहेर पानाच्या टपरीवर उभी राहतात.

या खेळात मी कधी हरलो नाही, कारण मी जागेवरून उठायचोच नाही. बाकीचे एकमेकांची मनगटं पिरगाळत असताना मी बसल्या बसल्या उजव्या हाताचं एक बोट वर करायचो आणि आवाज खालच्या पट्टीत लावून म्हणायचो, "मालक, बिल माझ्याकडं. लिवून ठेवा." मालक मान डोलवायचा. मनगटं सुटायची. सगळं हॉटेल वळून माझ्याकडे बघायचं. कचेरीच्या वार्षिक नाटकात मी वर्षानुवर्षं राजाची आणि सरदाराची कामं केली, पण ते बोट वर करताना जे वाटायचं ते मला कुठल्याही तिसऱ्या अंकात वाटलं नाही.

त्या दिवसांतला एक किस्सा मी आजवर शेकडो वेळा सांगितला असेल. लग्नघरात सांगितला, एसटीत सांगितला, एकदा तर मयताहून परत येताना सांगितला. लोक डोळे पुसेपर्यंत हसतात. पण मी तो दर वेळी केळ्यांपाशी आणून थांबवतो. केळ्यांच्या पुढे काय झालं ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तोंडानं सांगायला गेलो तर मी त्यातही रंग भरीन, अशी भीती वाटते. म्हणून लिहून काढतो आहे.

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत पगारबिलं करणारा कारकून होतो. शंभरेक माणसांचा पगार माझ्या लेखणीखालून जायचा. कुणाचा फंड किती, कुणाची कपात किती, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या घरात किती पैसे आहेत एवढं मात्र मला विचारायचं नाही.

परवा मुंबईला बँकेत असलेला माझा भाचा आला होता. त्यानं पाकिटातून प्लास्टिकचं एक चकचकीत कार्ड काढलं आणि म्हणाला, "मामा, हे दाखवलं की दुकानदार वस्तू देतो. पैसे नंतर." मी म्हटलं, "बाळा, ही चीज मी ओळखतो. माझ्याकडं पाच होती. पुठ्ठ्याची." आमच्या वेळी हप्त्याची दुकानं होती. तळहाताएवढं गुलाबी कार्ड, त्यावर बारा चौकोन. महिन्याला एक हप्ता भरायचा, दुकानदार एका चौकोनात सही करणार. सरकारी नोकर म्हटल्यावर अनामतही मागत नसत. कचेरीचं नाव सांगा, सही करा, वस्तू उचला.

पहिलं कार्ड रेडिओचं. दुसरं टेरिकॉटच्या सुटाचं, कारण रेडिओ ऐकायला चार लोक येणार आणि मी पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यात बसणार का? तिसरं भिंतीवरच्या टोल्यांच्या घड्याळाचं. चौथं स्टीलच्या पिंपाचं. ते बायकोसाठी, म्हणजे तिनं मागितलं नव्हतं. पाचवं टेबलफॅनचं. आमच्या खोलीत रंकाळ्याचा वारा असा यायचा की फॅन लावला तर वाऱ्याला अडचण व्हावी. प्रत्येक दुकानदार म्हणायचा, "म्हैन्याला फक्त नऊ रुपयं, साहेब." "फक्त दहा." "फक्त अकरा." ही पाच 'फक्त' एकत्र मिळवली की पन्नास रुपये होतात, ही बेरीज शंभर माणसांची पगारबिलं करणाऱ्या मला कधी सुचली नाही. त्यावर हॉटेलची वही, पानाच्या टपरीची वही, शिंप्याची वही, आणि या तिन्ही वह्यांची उधारी मिळून हजारावर गेलेली.

शेवटी मी एक तोड काढली. आमच्या पेठेतल्या पतपेढीकडून दोन हजार रुपये कर्ज काढायचं, सगळी कार्डं आणि वह्या एकदम फेडून टाकायच्या आणि दरमहा पंच्याऐंशी रुपयांचा एकच हप्ता ठेवायचा. पतपेढीला सरकारी नोकरीतला एक जामीनदार हवा होता. तो माझ्या समोरच बसत होता.

तो आमच्या कचेरीतला टाइपिस्ट. आम्ही एकाच महिन्यात नोकरीला लागलो, एकाच खानावळीत जेवलो. तो मलकापूरच्या बाजूच्या एका खेड्यातला. त्याचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. तो शाळेत असताना सगळी वस्ती बौद्ध झाली, तरी गावच्या मोठ्या रस्त्यावर त्यांच्यापैकी कुणाचं दार उघडलं नव्हतं. त्याची बायको दवाखान्यात नर्स होती. दोघं मिळून शहराबाहेरच्या एका गृहनिर्माण सोसायटीत प्लॉटसाठी पैसे भरत होती. त्यानं नकाशावर एक कोपऱ्याचा प्लॉट हेरून ठेवला होता, दोन बाजूंना रस्ता असलेला.

"दोन दारं काढणार," तो म्हणायचा. "एक हिकडच्या रस्त्यावर, एक तिकडच्या. कुठल्या दारानं भाईर पडायचं ते सकाळी उठून ठरवणार."

सोसायटीचा नियम साधा होता. मार्चअखेर ज्यांची रक्कम पूर्ण भरून होईल त्यांनी नकाशावर बोट ठेवून प्लॉट निवडायचा. बाकीच्यांना उरलेले.

जामिनाचा कागद त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्यानं टाइप करणं थांबवलं. "जामीन म्हंजे मला काय करायला लागतंय?"

"सही. दुसरं काय?"

"आणि तू न्हाई भरलंस तर?"

मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि मागच्या गॅदरिंगमधल्या राजाचा आवाज काढला, "हे मस्तक धडावेगळं होईल, पण पतपेढीचा हप्ता चुकणार नाही!" सगळी कचेरी खो खो हसली. तोही हसला आणि हसत हसतच त्यानं सही केली.

दोन हजार रुपये घेऊन मी पहिल्याच दिवशी तीन दुकानं गाठली आणि तीन कार्डं फेडली. दुकानदारांनी चहा मागवला. वेळेआधी पैसे भरणारं गिऱ्हाईक! एकानं तर खुर्ची पुसून दिली. तीन कार्डं फेडून मी बाहेर पडलो तेव्हा खिशात दोन नवी कार्डं होती, एक पलंगाचं आणि एक सायकलचं. उरलेल्या पैशांतून उरलेली कार्डं आणि वह्या फेडायच्या होत्या, पण तेवढ्यात नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. तालीम म्हणजे वीस माणसांची रोजची मिसळ आणि चहा, आणि माझं बोट वर. पतपेढीचे चार हप्ते मी भरले. पाचवा चुकला. सहावा चुकला. पत्रं यायची, ती मी रेडिओखाली सारून ठेवायचो. रेडिओ त्यामुळे जरा तिरका बसला होता.

एके दिवशी कचेरीच्या टपालात पतपेढीचं एक पत्र माझ्याच टेबलावर आलं. नियमाप्रमाणे थकलेला हप्ता आधी माझ्या पगारातून कापायला हवा होता. पण सणाची उचल, फंडातलं कर्ज आणि नोकरांच्या सोसायटीचा हप्ता यांनी माझ्या पगारात एवढी गर्दी केली होती की आणखी एक रुपया शिरायला जागा नव्हती. तसा शेरा खुद्द मीच मारून पाठवला होता. तेव्हा पतपेढीनं आता जामीनदाराकडून वसुली मागितली होती. दरमहा पंच्याऐंशी.

तो माझ्यापासून चार हातांवर टाइप करत होता. मी पगारबिल उघडलं, त्याच्या नावापुढे 'इतर कपात' या रकान्यात पंच्याऐंशीचा आकडा लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

पगाराच्या दिवशी त्यानं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग माझ्या टेबलाशी आला.

"मर्दा, पंच्याऐंशी रुपयं कमी हाईत."

"व्हय?" मी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, भुवया उंच केल्या. सगळं अगदी बेतशीर. "वरनं कायतरी आलेलं दिसतंय. बघतो. पुढच्या म्हैन्यात हुईल."

"बघ हं. मार्चला प्लॉटाचं भरायचं हाय."

"तू काळजी करू नको."

हा संवाद मी पुढच्या दोन महिन्यांतही जसाच्या तसा केला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. नाटकवाल्याला पाठांतराची सवय असते.

चौथ्या महिन्यात मी कचेरीतून घरी आलो तेव्हा त्याची बायको आमच्या घरी बसली होती. समोर माझी बायको. मधे दोन कप चहा, दोन्ही गार.

"भावोजी, मी पतपेढीत जाऊन आले," ती म्हणाली.

मी चपला काढायचं विसरून उभा राहिलो.

"मी ह्यांना विचारलं, पैसे का कापतात? ते म्हणाले, वरनं कायतरी आलंय, तो बघतोय." ती हे रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलावं तशी बोलत होती. "तीनशे चाळीस रुपये झालेत. मार्चअखेरीला आम्हाला नेमके तेवढेच कमी पडतात. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगायचं."

ती गेल्यावर बायकोनं दार लावलं. "अहो, खिसे मोकळे करा."

मी कार्डं काढली. तिनं ती जमिनीवर ओळीनं मांडली. मग रेडिओ उचलून खालची पत्रं काढली. म्हणजे तिला ती जागा माहीत होती.

"अजून काय हाय?"

"हॉटेलची वही. पानाची. आणि शिंपी."

ती स्टीलच्या पिंपाकडे वळली. "हे मी कधी मागितलंतं? पाणी काय मडक्यात थांबत न्हवतं?"

दुसऱ्या दिवशी मी मित्राला सांगितलं. तो मशीनमध्ये कार्बन घालत होता. ऐकून घेतलं, कार्बन सरळ केला, कागद पुन्हा बसवला. "मार्चअखेर दे," म्हणाला. "प्लॉटाला तेवढंच पायजेत." आणि टाइप करू लागला. मी तिथेच उभा. "जा की मर्दा. सायेब बघाय लागलाय."

मग आमच्या घरात बायकोचं राज्य सुरू झालं. शाळेची एक जुनी वही, तिच्यातली कोरी पानं. पगार झाला की सगळे पैसे तिच्या हातात. भाडं, धान्य, दूध, पतपेढी, कार्डं आणि मित्राचे पैसे, अशा सहा पुरचुंड्या. माझ्या खिशात दिवसाला आठ आणे, आणि त्यांचं काय केलं हे रोज संध्याकाळी वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्याचं पान असं होतं: पान, पान, चहा, पान, दोन चहा, पान. बायकोनं महिन्याचं गणित मांडलं तेव्हा कळलं की मी दर वर्षी एक टेबलफॅन चघळून थुंकत होतो. रेडिओ आणि फॅन विकले. पलंग दुकानदारानं घसारा कापून परत घेतला. सूट कुणी विकत घेईना, तो मी गल्लीतल्या नाटकमंडळाला प्रयोगाला पाच रुपये भाड्यानं दिला. त्या वर्षी तीन वेगवेगळे खलनायक माझ्या सुटात मेले. हॉटेलची वही बायकोनं स्वतः जाऊन हप्त्याहप्त्यानं मिटवली आणि मी मालकाला सांगितलं, आता माझ्या नावावर काही लिहायचं नाही.

सगळं जमलं, एक गोष्ट सोडून. 'माझ्याकडे पैसे नाहीत' हे वाक्य माझ्या तोंडून निघेना. कचेरी सुटली की सगळे म्हणणार, "चला, चहा मारू," आणि मी काय सांगणार? मी खोटं बोललो. म्हटलं, "जोतिबाचा नवस हाय. वर्षभर भाईरचं खायाचं न्हाई. चहासुद्धा न्हाई."

मला वाटलं, सुटलो. कोल्हापुरात पैसे नाहीत म्हटलं तर लोक हसतील, पण जोतिबाचं नाव घेतलं की कुणी एक शब्द बोलणार नाही. ते बोलले नाहीत. त्यांनी भक्ती सुरू केली. शिपायानं नारळ आणून दिला, "डोंगरावर जाशीला तवा माज्या नावानं वाढवा." हेडक्लार्कनं मुलाच्या परीक्षेसाठी गुलाल आणि खोबरं दिलं. एकंदर अकरा नारळ जमले. ते पोत्यात घालून मी एका रविवारी खरोखरच जोतिबाला गेलो. बसभाडं माझं. एवढं ओझं बघून दुकानदार म्हणाला, "पावणं, यापारी हायसा काय?" आणि कचेरीत रोज दुपारी माझ्या टेबलावर दोन केळी येऊ लागली. नवसकऱ्यानं उपाशी राहू नये म्हणून.

केळी कोण आणून ठेवतं हे मला दोन आठवडे कळलं नाही. मग एकदा लवकर आलो आणि बघितलं. टाइपिस्ट ठेवत होता.

"तू तर नवस मानत न्हाईस," मी म्हटलं.

"मी न्हाई मानत. तू मानतोस न्हवं?" तो म्हणाला. "तोंड बघ केवढं झालंय तुझं. खा."

लोकांना सांगताना मी इथं थांबतो. लोक हसतात. केळी मी खाल्ली, रोज खाल्ली, तीन महिने.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी बायकोनं पुरचुंडी सोडली. तीनशे चाळीस रुपये पुरे झाले होते. तिनं ते कचेरीच्या लांब पाकिटात घातले आणि माझ्या जुन्या कोटाच्या आतल्या खिशात स्वतः ठेवले. "आजच्या आज द्या. उद्या सोसायटीचा शेवटचा दिवस. बारापर्यंतच घेत्यात."

कचेरीत पोचताच द्यायचे, असं ठरवून निघालो. पण पुण्याहून तपासणीसाठी एक साहेब आले होते. सकाळपासून त्यांच्या मागे रजिस्टरं घेऊन फिरत राहिलो. दुपारी साहेबांना आमच्या नेहमीच्या हॉटेलात जेवायला न्यायचं ठरलं. दहा-बारा जण निघालो. टाइपिस्ट आला नाही. त्यानं डबा आणला होता, आणि तपासणीचे कागद त्यालाच टाइप करायचे होते.

साहेबांनी मटणाचं ताट मागवलं, मग पांढरा रस्सा तीन वेळा. सगळ्यांनी मटण मागवलं. माझा नवस. मी दोन केळी खाऊन पाणी प्यालो. जेवण झालं, बडीशेप आली, आणि साहेबांनी हसत हसत पाकीट बाहेर काढलं.

"कमाल आहे," ते म्हणाले. "कोल्हापूरकर पाहुण्याला बिल देऊ देत नाहीत, असं ऐकून होतो."

महिन्याचा शेवट होता. टेबलावरचा एकही माणूस उठला नाही. कुणी बडीशेप निवडत होतं, कुणी छताकडे बघत होतं. मग हळूहळू सगळे माझ्याकडे बघू लागले. वर्षानुवर्षं बघत आले होते तसेच. माझं बोट वर गेलं. मी ते वर केलं असं लिहायला हवं, पण खरं सांगतो, ते गेलं.

"मालक, बिल माझ्याकडं."

मालक गल्ल्यावरनं उठून जवळ आला आणि कानाशी म्हणाला, "साहेब, लिवून ठिवायचं बंद केलंय न्हवं? तुमीच सांगितलंतंसा."

मी आतल्या खिशात हात घातला. बासष्ट रुपये झाले होते. ज्या जेवणातला एक घास मी खाल्ला नव्हता त्याचं बिल मी दिलं. साहेब म्हणाले, "वा!" सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो, दारापर्यंत चालत जाताना मला आनंद झाला होता. कचेरीचा जिना चढताना तो गेला.

कचेरीत आल्यावर मी माझ्या टेबलाशी बसलो. पाकिटात दोनशे अठ्ठ्याहत्तर रुपये उरले होते. कुणाकडे मागावे? सगळ्यांचे खिसे मी आत्ताच बघून आलो होतो. घरी जाऊन बायकोला सांगावं, तर तिनं पै पै करून ते साठवलेले. मित्राला सांगावं तर तो समोरच बसला होता, चार हातांवर, पाठमोरा. एवढंच उठून म्हणायचं होतं, बासष्ट कमी आहेत, संध्याकाळपर्यंत कुठून तरी करू. दोघांनी मिळून धावाधाव केली असती तर बासष्ट रुपये मिळाले असते. त्याच्या बायकोच्या दवाखान्यातसुद्धा मिळाले असते. मी टेबलावरची डिंकाची बाटली ओढली, पाकिटाच्या तोंडाला डिंक लावला आणि ते नीट दाबून चिकटवलं.

पाच वाजता त्याच्या हातात दिलं. त्यानं ते वरच्या खिशात ठेवलं आणि खिशावर हात दाबला. "बरं झालं बघ. हिला सांगतो, काळजी मिटली."

मी मनाशी म्हटलं, वहिनी मोजतील. घरी गेल्या गेल्या मोजतील, त्यांना कमी दिसतील, ते माझ्याकडे येतील, मग बघू. त्या संध्याकाळी मी दारातच बसून राहिलो. कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला तो आला. उन्हानं डोळे लाल झालेले. आत ये म्हटलं तर आला नाही.

"बासष्ट कमी निघालं."

"व्हय."

"मी तिथं क्लार्काला म्हटलं, मोजून घ्या. त्यानं फोडलं." तो एकेक शब्द सुटा सुटा बोलत होता. "तिथनं बस न्हवती. चालत नाक्यापतुर आलो, दवाखान्यात गेलो, हिनं मेट्रनकडनं घेतलं, परत गेलो. साडेबारा झालंतं. कुलूप."

माझी बायको आतून येऊन माझ्या मागे उभी राहिली होती.

"घरी का मोजलं न्हाईस?" मी विचारलं. एवढं झाल्यावरही मी हेच विचारलं.

"बंद पाकीट दिलंतंस तू. तुझं बंद पाकीट फोडून मोजायचं?" तो म्हणाला. "तुला ठाऊक हुतं कमी हाईत?"

"व्हय."

"मग चिकटवलंस का?"

या प्रश्नाला मी आजतागायत उत्तर शोधतो आहे. तोंड लपवायचं होतं, हे खरं. पण त्याहून वाईट असं काहीतरी त्यात होतं. पाकीट चिकटवलेलं बरं दिसतं, म्हणून मी ते चिकटवलं. देणाऱ्या माणसाचं पाकीट बंद असावं.

तो गेल्यावर मी बायकोला साहेबांच्या जेवणाचं सांगितलं. वही काढून तिनं आदल्या दिवसाच्या पानावर 'जेवण, बासष्ट' असं लिहिलं आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. मी खाली सही केली.

कोपऱ्याचा प्लॉट एका आडत व्यापाऱ्यानं घेतला. मित्राला मागच्या ओळीतला मिळाला, ओढ्याच्या अंगाला, पुढे आठ फुटांचा बोळ. सोमवारी पगार झाल्याबरोबर मी बासष्ट रुपये नेऊन दिले. त्यानं माझ्यासमोर मोजले आणि म्हणाला, "बरोबर हाईत." अबोला धरला नाही. मला ते सोयीचं झालं असतं. टेबलावरची केळी मात्र थांबली.

नवसाचं खोटं मी त्या आठवड्यात मोडलं. चहाला चला म्हणाले तेव्हा बरोबर गेलो, आणि सगळे गल्ल्याकडे झेपावायच्या आधी बसल्या जागी म्हणालो, "माझ्याकडं पैसे न्हाईत. आणि नवसबिवस कायबी न्हवता." शिपाई म्हणाला, "मग माजा नारळ?" मी म्हटलं, वाढवला, शपथ. हेडक्लार्कनं बिल दिलं आणि आम्ही बाहेर आलो. एवढंच झालं. ज्या वाक्याला मी इतका घाबरत होतो ते बोलून बाहेर यायला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि ते मी एक आठवडा उशिरा बोललो.

मग सव्वा वर्ष आठ आणे आणि वही. एक कार्ड संपलं की बायको ते चुलीत घालायची आणि त्या हप्त्याचे पैसे पुढच्या कार्डाच्या पुरचुंडीत टाकायची. अशी एकेक करत सगळी कार्डं गेली. पतपेढीचा हप्ता मी स्वतः जाऊन भरायचो, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, रांगेत उभा राहून. शेवटचा हप्ता जुलैमध्ये भरला. पतपेढीनं जामीनदाराला मोकळं केल्याचं पत्र दिलं. खाली शिक्का, सचिवाची सही. ते घेऊन मी तसाच मित्राच्या नव्या घराकडे निघालो. दोन खोल्या बांधून तो तीन महिन्यांपूर्वीच तिथं राहायला गेला होता.

आठवडाभर पाऊस होता. बोळाच्या तोंडाशीच पाणी लागलं, आधी घोट्याएवढं, मग पोटरीएवढं. ओढा पात्र सोडून त्याच्या कुंपणात आला होता. घराचं दार उघडं होतं, उंबऱ्याच्या वर पाणी चढलं होतं. तो लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून माळ्याकडे सामान चढवत होता. वहिनी खाटेवर उभ्या राहून भांडी वर देत होत्या.

मी दारातच पत्र काढलं. वाटेत मनाशी ठरवून आलो होतो की मोठ्यानं वाचायचं. "सदर जामीनदार यांस या पत्रान्वये..." एवढं म्हटलं आणि पुढचं सोडून कागद खाली केला. तीन अंकी नाटकात मी वाक्य कधी अर्धं सोडलं नव्हतं.

"काय हाय ते?" त्यानं वळून न बघताच विचारलं.

"जामिनातनं सुटलास. समदं फिटलं."

"बरं," तो म्हणाला. "ते वर फळीवर ठेव, भिजंल. आणि त्या जोंधळ्याच्या पोत्याचं एक टोक धर."

मी पत्र फळीवर ठेवलं. पोतं अर्धं भिजलं होतं, त्यामुळे दुप्पट जड झालं होतं. आम्ही ते दोघांनी मिळून उचललं.

"दर साली असं येणार काय पाणी?" मी विचारलं.

"आमाला काय ठाऊक? हितं पयलाच पावसाळा हाय," तो म्हणाला. "हळू. डाव्या हाताला घे."